आम्सटरडॅममध्ये आठ दिवस: कार्ड टॅप करावं, पास घ्यावा की सायकल?

मुक्काम_पोस्ट
एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आम्सटरडॅमला आठ दिवस जायचंय. राहणं आम्स्टेलव्हेनमध्ये नातेवाइकांकडे, फिरणं बहुतेक शहरात. माणसं चार: आम्ही दोघं, सासूबाई (वय ६८, चालतात भरपूर, जिने नको म्हणतात) आणि सहा वर्षांची लेक. प्रश्न तीन.

१. भारतातलं कार्ड ट्रॅममध्ये थेट टॅप करता येतं म्हणे. खरंच चालतं का?
२. आठवड्याचा पास परवडतो का?
३. नवरोबांचा सायकलचा हट्ट आहे. त्याला कितपत भीक घालावी?

'शहराचा आत्मा अनुभवा' छापाची उत्तरं नकोत. नेमकं सांगा.

टॅपटिपटॉप
पहिल्या प्रश्नाचं उत्तर: चालतं. ओव्हीपे नावाची व्यवस्था २०२३ पासून देशभरच्या ट्रेन, मेट्रो, ट्रॅम, बसमध्ये आहे. व्हिसा किंवा मास्टरकार्ड लागेल, रुपेच्या भरवशावर निघू नका. कार्डावर वायफायसारखी आडवी चिन्हं हवीत.

घोळ होतो तो भारतातच. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे ऑक्टोबर २०२० पासून नव्या कार्डावर परदेशी व्यवहार आणि कॉन्टॅक्टलेस दोन्ही मुळात बंद असतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये आधी 'आंतरराष्ट्रीय' सुरू करायचं आणि मग त्याच्या पोटातलं कॉन्टॅक्टलेसचं वेगळं बटणही. बरेच जण पहिलं दाबून निर्धास्त होतात. मग दुकानात पिन टाकून कार्ड चालतं आणि ट्रॅमच्या दारात लाल दिवा लागतो.

बाकी नियम:
माणशी एक कार्ड. एकाच कार्डावर दोघांचं चेक-इन होत नाही. दुसऱ्यांदा टेकवलंत की मशीन ते पहिल्या माणसाचं चेक-आउट समजतं.
ज्याने आत त्यानेच बाहेर. फोनमधलं कार्ड आणि खिशातलं प्लॅस्टिकचं कार्ड बँकेच्या लेखी एकच असलं तरी मशीनला ते दोन वेगळे प्रवासी वाटतात, कारण फोन खरा कार्ड नंबर पाठवतच नाही.
पाकीट तसंच टेकवायचं नाही. आत दोन कार्डं असली तर चढताना एक वाचलं जातं, उतरताना दुसरं. कार्ड बाहेर काढा.

पैसे लगेच कापले जात नाहीत. दिवसभराची बेरीज होऊन दुसऱ्या दिवशी कापली जाते, त्यामुळे मेसेज आला नाही म्हणून परत टॅप करत बसू नका.

खडकीचा_कालवा
वरच्यात एक भर. एक बीप म्हणजे चेक-इन, दोन बीप म्हणजे चेक-आउट. गर्दीत पडदा दिसत नाही, कान मात्र उघडे असतात.

ट्रॅम आणि बसमधून *उतरताना* टॅप करणं आपल्या अंगवळणी नसतं. मेट्रोत फाटक अडवतं म्हणून आठवण राहते, ट्रॅममध्ये दार सताड उघडं. चेक-आउट राहिलं तर ठोक रक्कम लागते आणि ट्रेनमध्ये ती ट्रॅमपेक्षा बरीच मोठी असते. राहिलंच तर ओव्हीपेच्या अ‍ॅपमध्ये तो प्रवास शोधून कुठे उतरलो ते भरता येतं. स्टेटमेंटवर 'एनएलओव्ही'ने सुरू होणारा कोड असतो, तो त्यासाठी लागतो.

हिशेबनीस
दुसरा प्रश्न माझा आवडता.

कार्डाने गेलात की भाड्याचे दोन भाग पडतात. चढल्याचे सुमारे एक युरो दहा सेंट, अधिक दर किलोमीटरला वीसेक सेंट. (दर १ जानेवारीला आकडे सरकतात, म्हणून गोल धरतोय.) उतरल्यापासून ३५ मिनिटांच्या आत दुसरी ट्रॅम, बस, मेट्रो पकडली तर चढल्याचे पैसे पुन्हा लागत नाहीत. ही सवलत ट्रेनला नाही.

आम्स्टेलव्हेन ते म्युझिअमप्लाइन साधारण सात किलोमीटर. म्हणजे एका बाजूचे अडीच युरो, जाऊन-येऊन पाच. मधे शहरात एखादी छोटी फेरी, दीड-पावणेदोन. दिवसाचे साडेसहा-पावणेसात झाले.

जीव्हीबीचा (शहरातली ट्रॅम, बस, मेट्रो चालवणारी कंपनी) एक दिवसाचा पास नऊ-दहा युरोंच्या घरात, म्हणजे तुमच्या वापराला तोट्यात. सात दिवसांचा घेतला तर दिवसाला सहाच्या आसपास पडतो. तिथे जेमतेम वसूल. रोज शहरात जाणार असाल तरच घ्या. एक दिवस घरी बसलात की गणित उलटलं.

एक तासाचं तिकीट मात्र कधीच नको. त्याच्या निम्म्या पैशात कार्डावर तीन किलोमीटर होतात.

नको_तिथे_शंका
@हिशेबनीस, आठ दिवसांना सात दिवसांचा पास कसा पुरेल?

हिशेबनीस
पास तारखेवर नसतो, तासांवर असतो. पहिल्या चेक-इनपासून १६८ तास. सोमवारी सकाळी १०ला सुरू केला तर पुढच्या सोमवारी सकाळी १० पर्यंत. उरलेल्या दिवशी कार्ड. आणि पास असला तरी चढताना-उतरताना तो टेकवायचा असतोच, 'पास आहे आपल्याकडे' म्हणून मिरवत आत जायचं नाही.

आम्स्टेलव्हेनकर
इथे स्थानिक माहितीची भर घालतो, कारण जुने ब्लॉग तुम्हाला चुकीच्या थांब्यावर नेऊन सोडतील.

आम्स्टेलव्हेनला पूर्वी मेट्रो ५१ यायची. ती मार्च २०१९मध्ये बंद झाली. त्या जागी डिसेंबर २०२०पासून २५ नंबरची ट्रॅम धावते, झाउड स्टेशनपर्यंत. फलाट आणि ट्रॅमचा तळ एका उंचीवर, त्यामुळे सासूबाईंना पायरी चढायला नको. झाउडला उतरून मेट्रो ५२. ही २२ जुलै २०१८ला सुरू झाली. झाउडहून सेंट्रल स्टेशन दहा मिनिटांच्या आत. सगळ्या स्टेशनांवर लिफ्ट आहे. रोकिन स्टेशनवर मात्र सरकत्या जिन्याने जाण्यात मजा: दोन जिन्यांच्या मधल्या काचपेटीत मेट्रो खोदताना नदीच्या पात्रात सापडलेल्या वस्तू मांडल्यात. चाव्या, नाणी, बरण्या, पाइप. लेकीला दाखवा.

म्युझिअमप्लाइनसाठी ५ नंबरची ट्रॅम, आम्स्टेलव्हेन स्टाड्सहार्टहून थेट. जुन्या माहितीत ५ नंबर सेंट्रल स्टेशनला जाते असं लिहिलेलं असतं. २०१८च्या फेरबदलानंतर ती तिकडे जात नाही, लाइडसप्लाइनवरून पश्चिमेला वळते.

विमानतळावरून उतरल्यावर ट्रेनने शहरात जाऊन परत येऊ नका. स्किपहोलहून 'कनेक्शन' (Connexxion) नावाच्या कंपनीची ३०० नंबर बस थेट आम्स्टेलव्हेन बस स्थानकात येते. तिथे जीव्हीबीचा पास चालत नाही, कंपनी वेगळी. कार्ड टॅप करा.

टॅपटिपटॉप
कंपनी वेगळी हा मुद्दा सोन्यासारखा. ट्रेनमधून उतरून मेट्रोत जाताना ट्रेनच्या खांबावर आधी चेक-आउट, मग जीव्हीबीच्या यंत्रावर चेक-इन. आम्स्टेल स्टेशनवर ट्रेन आणि मेट्रो एकाच फलाटाच्या दोन बाजूंना लागतात. समोर उभी आहे म्हणून थेट आत शिरलात की ट्रेनचं मीटर चालूच.

सायकलस्वार_क्र_९
आता नवरोबांचा हट्ट.

भाड्याच्या सायकलला बहुधा पायब्रेक असतो. पेडल उलटं दाबलं की मागचं चाक धरतं. आपल्या पायांना पेडल उलटं फिरवत चढण्याची सवय असते: सिग्नलला उभं राहायचं, पेडल मागे गरगर फिरवून वर आणायचं आणि निघायचं. इथे ते फिरत नाही. युक्ती अशी: थांबता थांबताच उजवं पेडल घड्याळातल्या दोनच्या जागी येईल असं थांबा. विसरलात तर सीट धरून मागचं चाक जरा उचला आणि पेडल *पुढे* फिरवून जागेवर आणा.

दुसरी गोष्ट भाडेवाले सांगत नाहीत. चेन पडली की पायब्रेकही गेला, कारण तो चेननेच चालतो. म्हणून पुढच्या चाकाला हातब्रेक असलेलीच सायकल मागा. चेन सैल आहे का ते चेनकव्हरमुळे दिसत नाही. पेडल थोडं पुढे-मागे हलवून पाहा, फार मोकळं चाळत असेल तर दुसरी द्या म्हणा.

उलटा_पेडल
माझ्या नावावर धागा घसरला बघून भरून आलं.

डावीकडून_बघ
ब्रेक ठीक, पण अपघात होतात ते ट्रॅमच्या रुळांमुळे आणि उजवीकडच्या नियमामुळे. मी पहिल्याच दिवशी मध्यवर्ती भागात सायकल काढण्याच्या पूर्ण विरोधात.

रूळ: खाच साधारण सायकलच्या टायरएवढीच रुंद. समांतर जाता जाता तिरकं वळलात की पुढचं चाक आत बसतं आणि हँडल हातातून जातं. रूळ शक्य तितके काटकोनात ओलांडा, त्यासाठी आधी थोडं बाहेर जाऊन मग वळा. ओल्या रुळावर ब्रेक नाही, वळण नाही, नुसतं सरळ.

उजवीकडचा नियम: पाटी किंवा खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, तो सायकलवाला असला तरी. ट्रॅम याला अपवाद, ती कुठूनही आली तरी तिचाच मान. रस्त्यावर पांढऱ्या त्रिकोणांची रांग असते, डच लोक तिला शार्कचे दात म्हणतात. टोकं ज्याच्याकडे, त्याने थांबायचं. चावा आपल्याला बसणार आहे असं लक्षात ठेवा.

आणि गाड्या उजवीकडून चालतात, म्हणजे रस्ता ओलांडताना पहिली नजर *डावीकडे*. हे सासूबाईंना सायकलपेक्षा जास्त कामाचं. विटकरी रंगाचा पट्टा फुटपाथ नाही. फोटो काढायला त्यावर उभं राहिलं की मागून घंटी येते, आणि ती 'जरा सरका' अशी नसते.

पौड_फाट्यावरून
आमच्याकडे सायकल ट्रॅकवर चारचाकी लागलेली असते, पाणीपुरीची गाडी असते, वेळ पडली तर मांडवही असतो. सायकल तेवढी नसते. म्हणून अपघात शून्य.

सायकलस्वार_क्र_९
@डावीकडून_बघ, मध्यवर्ती भागाबद्दल अंशतः सहमत. पण ८ डिसेंबर २०२३पासून बहुतेक रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी ३० किमी आहे आणि निळ्या नंबरप्लेटच्या छोट्या स्कूटर २०१९पासूनच रिंग रोडच्या आत सायकलमार्गावरून हटवून मुख्य रस्त्यावर घातल्यात. दहा वर्षांपूर्वीचा धसका आता तितका खरा नाही. आम्स्टेलव्हेनकडून येताना आम्सटरडामसे बोसच्या जंगलातून यायचं, शहरासारखे रस्त्यात गाडलेले रूळ तिथे नाहीत. तिथे सराव करा. मग सेंट्रलच्या मागून फेरीने पलीकडे उत्तरेत. ती फेरी फुकट, सायकलसकट. तिकीट कुठे काढायचं म्हणून शोधू नका, नसतंच. बाउक्सलोटरवेखची एफ३ रात्रंदिवस चालू असते. आत चढताना सायकल हातात धरून.

स्टेशनच्या खालून फेरीकडे जाणारा कायपर्स बोगदा २०१५चा. एका बाजूला सायकली, दुसऱ्या बाजूला चालणारे, आणि चालणाऱ्यांच्या भिंतीवर निळ्या-पांढऱ्या टाइल्सचं जहाजांचं प्रचंड चित्र. सायकलवरून ते पाहायला जाऊ नका, मागचा थांबणार नाही.

पंक्चरवाला
एवढा वेळ गप्प होतो. कुणी टायरबद्दल बोललंच नाही.

डच सायकलच्या ट्यूबला जो व्हॉल्व्ह असतो तो आपल्या काळ्या सायकलचाच. तीच चकती, तीच काढता येणारी पिन. नव्या सायकलींना ६२२ मिलिमीटरची रिम असते, पण जुन्या 'आजीच्या सायकली'ला २८ × १½, म्हणजे ६३५ची. आपल्या दूधवाल्याच्या सायकलला होती तीच. दोन्हींवर '२८ इंच' छापलेलं, टायर मात्र एकमेकांचे बसत नाहीत. विकत घेताना टायरच्या बगलेवरचा तीन आकडी नंबर वाचा.

पंक्चर मागच्या चाकाला झालं की लोक चाक काढायला जातात आणि संध्याकाळ घालवतात. पायब्रेकचा दांडा फ्रेमला बोल्टने पकडलेला, वर बंद चेनकव्हर. चाक काढायचंच नाही:

सायकल उलटी करून हँडल-सीटवर उभी करा. चेन नसलेल्या, म्हणजे डाव्या बाजूने काम करा. आधी टायर हाताने चाचपून काच किंवा खिळा शोधा. सापडला तर पंक्चरची जागा कळलीच. व्हॉल्व्हची पिन काढून हवा सोडा, रिमवरची चकती काढा. टायर दोन्ही बाजूंनी दाबून मधल्या खळगीत सरकवा म्हणजे कड सैल पडते. मग दोन लिव्हरने फक्त डावी कड बाहेर काढा आणि ट्यूब हवी तेवढीच ओढा. पाण्यात बुडबुडे पाहा, पुसून कोरडी करा, घासा, सोल्यूशन लावा आणि *थांबा*. चकाकी जाईपर्यंत, पाचेक मिनिटं. ओल्यावर ठिगळ लावणं हीच सगळ्यात जास्त होणारी चूक. परत बसवताना टायरच्या आत बोट फिरवून टोकदार काही उरलं नाही ना ते बघा. शेवटची वीतभर कड लिव्हरने ढकलू नका, ट्यूब चिमटते. हाताच्या तळव्याने लोटा.

पंक्चर नसून रोज थोडी हवा जात असेल तर व्हॉल्व्हपिनवरचा रबर कुजलाय.

नको_तिथे_शंका
भाड्याच्या सायकलचं पंक्चर पर्यटकाने का काढावं?

पंक्चरवाला
काढू नये. दुकानाला फोन करावा. पण धाग्यात ज्ञान असावं.

कुलूपबंद
चोरीबद्दल. मागच्या चाकाचं गोल कुलूप नुसतं सायकल चालू न देण्यासाठी, उचलून नेण्याला त्याचा अडथळा नाही. साखळी पुढच्या चाकातून, फ्रेममधून आणि जमिनीत पुरलेल्या लोखंडी कमानीतून घ्या. साखळी जमिनीवर लोळत ठेवू नका, दगडावर टेकवून घाव घालणं सोपं जातं. पुलाच्या कठड्याला बांधायचा मोह होतो, पण ढकलली गेली तर सायकल थेट कालव्यात. महापालिकेची पंजाची होडी दरवर्षी हजारो सायकली उपसते.

त्यापेक्षा स्टेशनखालचा तळ वापरा. जानेवारी २०२३मध्ये सेंट्रल स्टेशनसमोर पाण्याखाली ७००० सायकलींचा तळ उघडला, पाठोपाठ मागच्या बाजूला आणखी ४००० जागांचा. पहिले २४ तास फुकट. आत जाताना रांगेचा नंबर फोटोत घ्या. सगळ्या सायकली काळ्या.

स्टेशनबाहेर चुकीच्या जागी लावली तर पालिका साखळी कापून शहराच्या कडेच्या डेपोत नेते. सोडवायला पैसे आणि साखळीचं नुकसान वेगळं.

डावीकडून_बघ
दिवे राहिले. पुढे पांढरा किंवा पिवळा, मागे लाल, आणि लुकलुकणारा चालत नाही. छातीवर-पाठीवर लावला तर चालतो, हेल्मेटवर नाही. फोन हातात धरून चालवण्यावर जुलै २०१९पासून बंदी आहे, दंड दीडशे युरोंच्या वर. नकाशा बघायचा तर फोन हँडलला अडकवा किंवा बाजूला थांबा. आणि दारूची मर्यादा सायकललाही लागू आहे, हे नवरोबांसाठी.

मुक्काम_पोस्ट
भरपूर मिळालं, आभार! पण लेक कुठे बसणार ते कुणीच सांगितलं नाही. कॅरिअरवर बसवलं तर चालेल का?

सायकलस्वार_क्र_९
आठ वर्षांखालच्या मुलाला पाठ, हात आणि पाय यांना नीट आधार असलेली सीटच हवी, तसा नियम आहे. नुसतं कॅरिअर नाही. मागची बालसीट बहुधा २२ किलोपर्यंतची असते, तेव्हा आधी लेकीचं वजन करा. जास्त भरलं तर पाय ठेवायला पट्ट्या आणि धरायला दांडा असलेलं मोठ्या मुलांचं आसन मागा. पाय चाकात जाऊ नये म्हणून बगलेला जाळी किंवा कापड हवंच. मूल बसलेलं असताना सायकल स्टँडवर सोडून हात काढायचा नाही. हे दुकानदारही सांगेल, पण तो सांगेल तोवर तुम्ही पैसे शोधत असाल.

हिशेबनीस
लेकीचं भाडं: बँकेचं कार्ड नुसतं टॅप केलं तर मुलांची सवलत लागत नाही, मोठ्यांचंच भाडं कापतं. ४ ते ११ वयासाठी जीव्हीबीचा वेगळा बालपास असतो, तो तिच्यापुरता घ्या. ट्रेनने कुठे गेलात तर मोठ्या माणसासोबत २.५० युरोत दिवसभराचं रेलरनर तिकीट.

मुक्काम_पोस्ट
मग असं ठरवतेय: सासूबाईंना सात दिवसांचा पास, रोज हिंडणार त्याच. लेकीला बालपास. आम्हाला दोघांना आपापली कार्डं. सायकल दोनच दिवस, बोसमध्ये आणि उत्तरेला, पायब्रेकसोबत हातब्रेक असलेली. २७ तारखेला शहरात जाऊन राइक्सम्युझिअम.

आम्स्टेलव्हेनकर
थांबा. २७ एप्रिल म्हणजे राजाचा वाढदिवस, कोनिंग्सडाख. त्या दिवशी मध्यभागातल्या बहुतेक ट्रॅम बंद असतात किंवा अलीकडेच वळतात आणि रस्ते माणसांनी भरलेले. २७ला रविवार आला तर सण २६ला. मेट्रो चालू असते, पण गर्दीमुळे एखादं स्टेशन बंद ठेवतात. सासूबाईंना घेऊन त्या दिवशी आम्स्टेलव्हेनमध्येच फिरा, तिथेही पोरं रस्त्यावर चटई टाकून जुनी खेळणी विकत बसतात. म्युझिअम २५ला. आदल्या रात्री ९२९२च्या अ‍ॅपमध्ये ट्रॅमचा मार्ग बघून घ्या.

मुक्काम_पोस्ट
बरं झालं विचारलं. तिकिटं बदलते. लेकीचं वजन २१.

पंक्चरवाला
बुटांसकट का?